कोनशिलेपलीकडचे दान

गणेशोत्सव किंवा शिमगा आला, की रत्नागिरी जिल्ह्यातील वाड्यावाड्यांतून एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. मुंबईहून आलेले चाकरमानी आणि गावी राहिलेली मंडळी देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या पडवीत एकत्र जमतात, मंडळाचा खजिनदार वहीतून वर्षाचा जमाखर्च वाचून दाखवितो, शिल्लक सांगितली जाते आणि येत्या वर्षी कोणते काम हाती घ्यावयाचे यावर चर्चा सुरू होते. कोणी देवळाच्या कळसाचा विषय काढतो, कोणी पाखाडीचा, कोणी स्मशानातील शेडचा. एखाद्या वर्षी दवाखान्याचाही विषय निघतो. अशा वेळी ठराव बहुधा ठरलेलाच असतो : दवाखान्यासाठी खोली बांधावी, नाहीतर रुग्णवाहिका घ्यावी. खोली बांधली जाते, नारळ फुटतो, देणगीदारांच्या नावांची कोनशिला बसते. त्या खोलीत रोज कोण बसणार, त्या व्यक्तीच्या हातावर महिन्याच्या अखेरीस काय ठेवावयाचे, औषध संपले तर ते कोणी आणावयाचे, हे प्रश्न मात्र ठरावाच्या कागदावर उतरत नाहीत. पुढल्या शिमग्याला खोलीच्या दाराला कुलूप दिसते.

हे वर्णन कोणाची टिंगल करण्यासाठी नव्हे. ज्या मंडळांनी स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन गावासाठी पैसा उभा केला, त्यांची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. गिरणगावातील दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस, तीस-तीस जण पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत आणि त्यातून वाचलेला पैसा मनीऑर्डरीने गावी धाडीत. त्यातलेच काही आणे गावाच्या फंडात पडत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने या पैशाचा झराच आटविला; तरीही मंडळे मोडली नाहीत. गिरणीतला कामगार गेला, त्याच्या जागी बँकेतला कारकून, शाळेतला शिक्षक, कारखान्यातला तंत्रज्ञ आला आणि पावती-पुस्तक पुढे चालू राहिले. परदेशी मदतीची वाट न पाहता, स्वतःच्या कमाईवर चालणारी इतकी लहान आणि इतकी चिवट सेवाभावी संस्था महाराष्ट्राच्या अन्य भागांत क्वचितच आढळेल.

या परंपरेला थोर पूर्वजही लाभलेले आहेत. दापोली तालुक्यातील मुरुडचे धोंडो केशव कर्वे पुढे महर्षी म्हणून जगाला ठाऊक झाले. परंतु स्त्रीशिक्षणाच्या महान कार्यापूर्वी, उपजीविकेसाठी बाहेर पडलेल्या मुरुडकरांकडून वर्गणी जमवून गावाच्या हिताची कामे करण्यासाठी त्यांनी ‘मुरुड फंड’ उभारला होता. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा याच मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांनी मात्र खेड्यावरचा लोभ सोडला नाही. १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. जेथे लोकल बोर्डाची शाळा पोहोचली नव्हती अशा खेड्यांत शाळा काढणे, हा त्याचा हेतू होता. शाळा म्हणजे कौलारू इमारत नव्हे, तर शिकविणारा माणूस. आणि माणूस टिकवावयाचा तर त्याला दरमहा काही द्यावे लागते, हे त्या वृद्ध गणितशिक्षकाला पक्के ठाऊक होते. शाळेच्या बाबतीत जे त्यांना उमगले होते, ते आरोग्याच्या बाबतीत कोकणातील मंडळांना अद्याप उमगावयाचे आहे.

ही गोष्ट आजच निकडीची का झाली, याचे उत्तर जनगणनेच्या कोष्टकात आहे. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. देशाची लोकसंख्या वाढत असता हा जिल्हा आकसला. त्याच जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. हा आकडा स्त्रीच्या प्रतिष्ठेचा पुरावा म्हणून मिरविण्यात येतो. वस्तुतः तो तरुण पुरुष गावात नसल्याचा दाखला आहे. मागे उरले ते म्हातारे आईबाप, सुना आणि शाळकरी मुले. या माणसांचे आजारही बदलले. पटकी आणि देवीची साथ ही आजच्या वाडीची व्यथा नाही. रक्तदाब, मधुमेह, पक्षाघात, मोतीबिंदू, गुडघेदुखी आणि मुलींच्या अंगातील रक्ताची कमतरता ही आहे. साथ येते आणि जाते; तिच्यासाठी वर्षातून एकदा धावून जाता येते. रक्तदाब मात्र रोज सकाळी गोळी मागतो. ती गोळी संपण्याच्या आधी कोणीतरी आठवण द्यावी लागते, महिन्यातून एकदा दंडाला पट्टा बांधून पाहावे लागते. अशा आजाराला इमारतीचे दान पुरत नाही. त्याला लागते ते सातत्याचे दान.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, उपकेंद्रे आहेत. २०२३ पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. चिपळूण तालुक्यातील डेरवण येथे एका धर्मादाय विश्वस्त संस्थेने आडगावी मोठे रुग्णालय चालवून दाखविले आहे. तथापि सरकारचे माप डोक्यांचे असते. सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगराळ भागात २० हजार लोकवस्तीमागे एक आरोग्य केंद्र. उपकेंद्रासाठी हेच प्रमाण ५ हजार आणि ३ हजार. कोकणातील अंतर मात्र डोक्यांनी मोजता येत नाही, ते चढणीने आणि खाड्यांनी मोजावे लागते. नकाशावर हाताच्या अंतरावर दिसणारी दोन गावे जयगडच्या किंवा पूर्णगडच्या खाडीने दूर केलेली असतात, आणि एकाच गावच्या दोन वाड्यांमध्ये पावसाळ्यात पऱ्ह्या उभा असतो. जेथून माणसेच निघून जातात तेथे डोक्यांचा हिशेब दिवसेंदिवस अपुरा पडत जाणार. केंद्र आहे; केंद्रापर्यंतची शेवटची दोन मैलांची वाट कोणाचीच नाही. लहान संस्थेची खरी जागा याच दोन मैलांवर आहे.

या वाटेवर काय घडू शकते याचे शेजारच्या रायगड जिल्ह्यातील उदाहरण डोळे उघडणारे आहे. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात, विशेषतः मुलांचे, मोठ्या संख्येने मृत्यू होत. अंगाला घाम सुटे, हातपाय गार पडत, फुप्फुसात पाणी साचे आणि मांत्रिकाच्या ओट्यावर जीव जाई. महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रोग्यांच्या उशाशी रात्री काढून या विषाचा हृदयावरील परिणाम अभ्यासला आणि रक्तदाबावर दिली जाणारी ‘प्राझोसिन’ ही साधी, स्वस्त गोळी वेळेवर दिल्यास रोगी वाचतो हे १९८० च्या दशकात दाखवून दिले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत. ते प्रमाण एकाच्या घरात आले. येथे यंत्र नव्हते, भव्य इमारत नव्हती. जागेवर माणूस होता, त्याला ज्ञान होते आणि हाताशी गोळी होती. तीनही गोष्टी एकत्र असल्या तरच जीव वाचतो. यांपैकी एकही गोष्ट कोनशिलेत बसविता येत नाही.

दान देणाऱ्याला वास्तू प्रिय आणि घेणाऱ्याला सेवा हवी, हा विसंवाद काही कोकणाचाच नव्हे. आफ्रिकेच्या खेड्यांत युरोप-अमेरिकेतील लहानमोठ्या संस्थांनी गेल्या अर्धशतकात विहिरी खणल्या, हातपंप बसविले, दवाखाने उभारले. त्यांच्या कळकळीविषयी शंका नाही. पण २००९ च्या सुमारास हिशेब मांडला गेला तेव्हा सहाराच्या दक्षिणेकडील देशांत बसविलेल्या हातपंपांपैकी सुमारे एक तृतीयांश बंद पडलेले आढळले. पंप बसविणारा छायाचित्र काढून परतला होता. त्याचा वायसर बदलणारा कोणी नेमलेला नव्हता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत गरीब देशांतील रुग्णालयांमधली सुमारे ४० टक्के यंत्रसामग्री निकामी असल्याचे दिसले. दक्षिण आफ्रिकेत निघालेल्या ‘प्लेपंप’ची कथा तर बोधकथेसारखी आहे. मुलांनी खेळताना फिरवावयाचे चक्र आणि त्यातून आपोआप उपसले जाणारे पाणी, ही कल्पना श्रीमंत देशांत इतकी आवडली, की २००६ मध्ये हजारो पंपांसाठी कोट्यवधी डॉलर जाहीर झाले. मुले काही दिवसभर खेळेनात. म्हाताऱ्या बायकांना ते जड चक्र हाताने फिरवावे लागले आणि कित्येक ठिकाणी त्याच्यासाठी चालता हातपंप काढून टाकलेला होता. काही वर्षांतच ती योजना गुंडाळली गेली. पाणी भरणाऱ्या बाईला आधी कोणी विचारलेच नव्हते.

विचारले तर काय होते, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखविले आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. तो मुलूख दुष्काळी. लोकांना प्रथम काय हवे असे विचारता उत्तर आले, ते पाणी आणि अन्न, औषध नंतर. आरोळ्यांनी ते मानले. कूपनलिका खोदताना त्यांनी जाणीवपूर्वक दलित वस्तीतील जागा निवडल्या, म्हणजे पाण्यासाठी उरलेल्या गावाला तेथे यावेच लागे. शिकलेल्या परिचारिका खेड्यात मुक्काम करीनात, तेव्हा गावातीलच बाया शिकवून तयार करण्यात आल्या. त्यांत निरक्षर होत्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतल्या होत्या, टाकलेल्या होत्या. बाळंतपण कसे करावे, हगवणीत मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, मुलाचे वजन कसे पाहावे, हे त्या शिकल्या आणि दर आठवड्याला परत येऊन शिकत राहिल्या. १९७१ मध्ये त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि पुढे आफ्रिकेतील देशांतूनही कार्यकर्ते शिकण्यासाठी जामखेडला येऊ लागले.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ संस्था स्थापन केली. ३९ गावांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात अर्भकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग त्यांनी केला. नवजात अर्भकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाच्या घरी भेट देण्याची शिफारस केली. २०११ पासून भारतात आशा सेविकांकडे ते काम आले. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथील म्बारे वस्तीत तर २००६ मध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी अवघ्या १४ आजीबाईंना हाताशी धरले. दवाखान्याच्या आवारात बाक टाकून त्या खिन्न, खचलेल्या माणसांचे बोलणे ऐकून घेत आणि त्यांना मार्ग काढून देत. या उपायाचा गुण २०१६ मध्ये शास्त्रीय चाचणीनेही सिद्ध झाला. ज्या जिल्ह्यात वाडीवाडीत अनुभवी वृद्धा एकट्या बसलेल्या आहेत, त्या जिल्ह्याने या बाकाकडे लक्षपूर्वक पाहावे.

या साऱ्या उदाहरणांत समान सूत्र एकच आहे. पैसा भिंतीत न घालता माणसात घातला, तो माणूस गावातलाच निवडला, त्याला शिकविले आणि त्याच्या पाठीशी वर्षानुवर्षे उभे राहिले. कोकणातील मंडळाला हे झेपेल काय? हिशेब मांडून पाहावा. समजा, एखाद्या वाडीचे ६० सभासद मुंबई-पुण्यात नोकरीला आहेत. प्रत्येकाने दरमहा १०० रुपये दिले तर महिन्याला ६ हजार आणि वर्षाला ७२ हजार रुपये जमतात. त्यातून गावातील एखाद्या सुनेला वृद्धांच्या घरी जाऊन रक्तदाब व साखर तपासण्यासाठी, गोळ्यांची नोंद ठेवण्यासाठी माफक मानधन देता येईल. अडल्या बाळंतिणीला किंवा दंश झालेल्या मुलाला रात्री-अपरात्री नेण्यासाठी गावातल्या रिक्षावाल्याचे भाडे आधीच बांधून ठेवता येईल. उरलेल्या रकमेतून राखीव निधी ठेवता येईल. यात कोणाचे नाव दगडावर कोरले जाणार नाही. पण मुंबईत बसलेल्या मुलाला आईचा रक्तदाब किती आहे हे दरमहा कळेल.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की हे काम सरकारचे. वर्गणीदाराने ते का उचलावे? आक्षेप बिनतोड आहे आणि तो सदैव जागा ठेवला पाहिजे. २००५ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून गावागावांत आशा सेविका आहेत. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला आणि २०२३ व २०२४ मध्ये याच राज्यातील आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. सरकारने ज्यांना अर्धपोटी ठेवले त्यांच्या जागी दुसऱ्या अर्धपोटी बाईला बसविणे, हे मंडळाचे काम नव्हे. आशेच्या हाताखाली हात देणे, उपकेंद्रात औषध आहे की नाही हे विचारणे आणि नसेल तर ग्रामसभेत तसे लेखी नोंदविणे, हे त्याचे काम. प्रत्येक महसुली गावासाठी आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांची समिती कागदोपत्री असते. तिला वार्षिक १० हजार रुपयांपर्यंत निधीची तरतूद आहे. ती समिती कधी बसली, पैसा कशावर गेला, एवढे दोन प्रश्न मंडळाने विचारले तरी पुष्कळ काही हलेल. दानाने हक्काची जागा घेऊ नये. दानाने हक्काला वाचा द्यावी.

दुसरा आक्षेप सातत्याचा. उद्या वर्गणी थांबली तर? म्हणूनच निदान दोन वर्षांच्या मानधनाएवढी रक्कम शिल्लक पडल्याशिवाय कोणालाही शब्द देऊ नये. चार महिने गोळी देऊन पाचव्या महिन्यात हात वर करणे हे न देण्याहून वाईट. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले तेव्हा मदतीचा लोट आला, ते योग्यच झाले. परंतु पुराच्या पाण्यासारखीच ती मदतही ओसरते, आणि म्हातारीचा मधुमेह ओसरत नाही.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नव्हे, आत्मपरीक्षणाची आहे. बहुतेक मंडळे वाडीवार आहेत, आणि कोकणात वाडीवार म्हणजे बहुधा जातवार. एका वाडीचा फंड दुसऱ्या वाडीच्या पायरीशी थांबतो. सभेत हिशेब ऐकावयास पुरुष बसतात आणि ज्यांना रोज पाण्याची, आजाऱ्याची आणि लेकरांची काळजी वाहावयाची असते त्या चुलीपाशी असतात. देवळाचा कळस वाडीपुरता असू शकेल; विंचू आणि ताप वाडी पाहत नाहीत. आरोग्याचा फंड काढावयाचा तर तो साऱ्या गावाचा असला पाहिजे, बौद्धवाडीपासून मोहल्ल्यापर्यंत, आणि पैसा कशावर खर्च व्हावा हे ठरविताना निम्म्या जागा बायकांच्या असल्या पाहिजेत. जामखेडची कूपनलिका कोठे खोदली गेली, हे विसरून जामखेडचे अनुकरण करता येणार नाही.

या कामाला धनिकाची गरज नाही. गरज आहे ती नेटक्या माणसांची. रोजकीर्द लिहिण्याची सवय असलेला कारकून, गावातील प्रत्येक घर ओळखणारा शिक्षक आणि सुट्टीत गावी येणारा विद्यार्थी, या तिघांनी मनावर घेतले तर एका गावाचा आरोग्यफंड उभा राहण्यास एक गणपतीची सुट्टी पुरे. विद्यार्थ्याने घरोघर जाऊन साठीपुढील माणसांची आणि त्यांच्या चालू औषधांची यादी करावी; शिक्षकाने ती आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे ठेवून कोणाला काय लागते ते ठरवून घ्यावे; कारकुनाने जमाखर्च दर तीन महिन्यांनी शाळेच्या फळ्यावर लावावा.

पुढल्या सभेत खजिनदार वही उघडील तेव्हा खर्चाच्या रकान्यात सिमेंट आणि सळ्यांच्या जोडीला एक नवी ओळ असावी : गावातल्या त्या सुनेचे बारा महिन्यांचे मानधन, नियमित दिलेले. ती ओळ वाचून झाल्यावर टाळ्या पडतील असे नाही. पण त्या सभेला मागल्या वर्षीची सारी वृद्ध मंडळी हजर असली, तर फंड सार्थकी लागला असे खुशाल समजावे.